एका रकान्यात अनेक नावे
(भाषणाचा सारांश)



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. घर द्यायचे तर यादी हवी. आणि यादीत कुटुंब एक, नावे अनेक.

१९६० च्या दशकात अमेरिकेत ‘पिक’ ही संगणक-पद्धती जन्मली. तिच्या एकाच रकान्यात अनेक मूल्ये मावतात. समजा, एका रकान्यात तीन वारसांची नावे, शेजारी त्याच क्रमाने तिघांचे हिस्से. मधले नाव खोडले आणि त्याचा हिस्सा तसाच राहिला, तर तिसऱ्या नावापुढे दुसऱ्याचा हिस्सा येतो. संगणक तक्रार करीत नाही. तिसरे नाव एखाद्या विधवा भगिनीचे असेल, तर तिचा हक्क गुपचूप सरकतो.

म्हणून दोन्ही रकान्यांतील मूल्यांची संख्या जुळते का, हे आधी पाहावे. एक जण नोंद बदलत असता ती इतरांस कुलूपबंद असावी. दुरुस्तीपूर्वी प्रत काढून दुसऱ्या इमारतीत ठेवावी. इमारती पडतात, हे किल्लारीला सांगायला नको.

मित्रहो, नोंदीतला क्रम चुकला की माणूस हक्काला मुकतो, एवढे ध्यानी ठेवा.