वाघळांचा शेजार

दिवेलागणीची वेळ झालेली असते. गुरे गोठ्यात परतलेली असतात, चिमण्यांचा गलका थांबलेला असतो आणि पश्चिमेकडे पुसटसा उजेड अजून रेंगाळत असतो. अशा वेळी जुन्या घराच्या कौलांखालून, वाशांच्या फटींतून किंवा भिंतीच्या सांध्यांतून काळे ठिपके एकामागून एक बाहेर पडतात आणि अंगणावर आडव्यातिडव्या घिरट्या घालू लागतात. त्या पाकोळ्या. थोड्या वेळाने गावाबाहेरच्या वडावरून किंवा चिंचेवरून मोठाले पंख संथपणे हालवीत दुसरे प्रवासी निघतात. ती वटवाघळे. भारतातील बहुतेक गावांना, आणि शहरांनाही, हे दृश्य रोजचे आहे. तथापि रोज दिसणाऱ्या या शेजाऱ्याविषयी माणसाला फार थोडे ठाऊक असते, आणि जे ठाऊक असते त्यातही भयाचा भाग मोठा असतो.

आपल्या लोकजीवनाने पुष्कळ प्राण्यांना मानाचे स्थान दिले आहे. बैलाला पोळा मिळाला, नागाला पंचमी मिळाली, कावळ्यालासुद्धा पितृपंधरवड्यातला घास मिळाला. वाघळाच्या वाट्याला मात्र अपशकुनाची बोलवा आली. ते घरात शिरले म्हणजे कोणीतरी जाणार, ते केसांत अडकले म्हणजे सुटायचे नाही, ते उलटे टांगलेले असते म्हणून त्याचे सारेच उलटे, अशा समजुती आजीकडून नातवाकडे चालत आल्या. वाघळाला पक्षी म्हणावे तर त्याला दात आहेत, आणि उंदीर म्हणावे तर पंख आहेत. जे कोणत्याच कप्प्यात बसत नाही त्याच्याविषयी मन साशंक असावे, हे स्वाभाविकच होय.

वस्तुतः वाघूळ हा सस्तन प्राणी आहे. गायीप्रमाणे, मांजराप्रमाणे तो पिल्लांना जन्म देतो आणि दूध पाजतो. सस्तन प्राण्यांत खऱ्या अर्थाने उडणारा असा हा एकटाच. ज्याला आपण त्याचा पंख म्हणतो तो वास्तविक त्याचा हात आहे. बोटांची हाडे छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली आणि त्यांवर पातळ कातडी ताणलेली, अशी ही रचना असते. अमरकोशकाराने याला ‘जतुका’ म्हटले आहे, तसेच ‘अजिनपत्रा’ हेही नाव दिले आहे. अजिन म्हणजे कातडे. त्याच्या कातडी पंखांची नोंद आपल्या पूर्वजांनी किती नेमकी केली होती, हे या एका शब्दावरून ध्यानात येते. जगात वाघळांच्या १,४०० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि भारतात सुमारे १३० आढळतात. त्यांतली काही फळे आणि फुलांतला मध यांवर जगतात. बाकीची बहुतेक कीटकांवर. कीटक खाणाऱ्या लहान वाघळांना आपल्याकडे पाकोळी म्हणतात. त्याच नावाने एक चपळ पक्षीही ओळखला जातो. पण तो दिवसा उडतो.

अंधारात ही पाकोळी कशालाही न धडकता उडते कशी, या प्रश्नाने इटलीतील लाझारो स्पालान्झानी या शास्त्रज्ञाला १७९३ साली पछाडले. डोळे निकामी केलेली वाघळेही खोलीत टांगलेल्या दोऱ्या चुकवून उडतात, असे त्याला दिसून आले. पुढे जिनीव्हाच्या लुई ज्यूरिन याने त्यांचे कान बंद केले. तेव्हा मात्र ती अडथळ्यांवर आदळू लागली. वाघूळ कानांनी पाहते, असा याचा अर्थ होता. परंतु तत्कालीन विद्वानांनी तो हसण्यावारी नेला. जवळजवळ दीड शतकाने, १९३८ पासूनच्या काही वर्षांत, अमेरिकेत डोनल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलॅम्बॉस यांनी याचा उलगडा केला. पाकोळी माणसाच्या कानाला ऐकू न येणारे सूक्ष्म आवाज काढते आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून समोरच्या वस्तूचे अंतर व आकार ओळखते. ज्या प्राण्याला अंधारात ताणलेली बारीक दोरी कळते, त्याला माणसाचे डोके कळत नसेल, हे संभवत नाही. डोक्याभोवती ती घिरट्या घालते ती केसांसाठी नव्हे. माणसाभोवती जमणाऱ्या डासांसाठी आणि चिलटांसाठी घालते.

वटवाघळाची गोष्ट वेगळी. आपल्याकडचे मोठे वटवाघूळ पंख पसरले असता सव्वा मीटरपर्यंत भरते. ते प्रतिध्वनीवर विसंबत नाही. त्याचे डोळे मोठे व तेज असतात आणि नाक तीक्ष्ण असते. रात्री कोसच्या कोस हिंडून ते वड, पिंपळ, उंबर, जांभूळ यांची फळे शोधते, रस पिते, चोथा थुंकते आणि बिया दूरवर टाकीत जाते. पडक्या देवळाच्या शिखरावर किंवा जुन्या वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ पाहिला, की तेथे बी कोणी नेले असा प्रश्न पडतो. पक्ष्यांच्या बरोबरीने वाघळांचेही नाव या उत्तरात घ्यावे लागते. मोहाची आणि टेटूची फुले रात्री उमलतात, गोरखचिंचेचे मोठे पांढरे फूलही रात्रीच उमलते. त्यांच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत वाघळे असतात आणि परागांची देवघेव त्यांच्या अंगावरून होते. कोकणात व केरळात वाघळे काजूचे बोंड, सुपारीचे साल आणि उंडीचा गर खाऊन बी खाली टाकतात. सकाळी झाडाखाली ते वेचणाऱ्या बायकापोरांना हा हिशेब चांगला माहीत असतो.

वाघळांमुळे नुकसान होतच नाही, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. पेरू, चिकू, केळी, द्राक्षे यांच्या बागायतदाराला वाघळांचा उपद्रव होतो आणि त्याचे दुःख खोटे नाही. आखूड नाकाचे लहान फळवाघूळ तर फळ तोडून जवळच्या आडोशाला, पुष्कळदा घराच्या पडवीत, आणून खाते. मग सकाळी भिंतीवर शिंतोडे आणि जमिनीवर चोथा दिसतो, आणि घरची गृहिणी वैतागते. हेही तितकेच खरे.

परंतु हिशेब मांडायचा तर तो पूर्ण मांडावा. कीटक खाणाऱ्या वाघळांचे अमेरिकेतील शेतीला होणारे साहाय्य वर्षाला किमान ३७० कोटी डॉलर मोलाचे असावे, असा अंदाज तेथील अभ्यासकांनी २०११ साली मांडला. अंदाजापेक्षाही बोलका पुरावा पुढे हाती आला. २००६ च्या हिवाळ्यापासून तेथे एका बुरशीच्या रोगाने लक्षावधी वाघळे मेली. जेथे ती नाहीशी झाली त्या जिल्ह्यांची आकडेवारी अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक यांनी तपासली आणि २०२४ साली प्रसिद्ध केली. तेथील शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढविला होता, आणि त्याच भागांत अर्भकांचे मृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले होते. रात्री शेतावर उडणारा एक लहानसा प्राणी आणि पाळण्यातले मूल यांच्यात असे नाते असेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

आता भयाचा दुसरा आणि अधिक गंभीर भाग. वाघळांच्या शरीरात काही विषाणू वास करतात, हे शास्त्रसिद्ध आहे. निपाह रोगाची पहिली मोठी साथ १९९८–९९ मध्ये मलेशियात आली. फळझाडांच्या सावलीत डुकरे पाळली जात. वाघळांची उष्टी फळे डुकरांनी खाल्ली आणि त्यांच्याकडून रोग माणसांत आला. भारतात २००१ साली सिलिगुडीला, २००७ साली नदिया जिल्ह्यात आणि २०१८ साली केरळात कोळिकोडे येथे त्याने बळी घेतले. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वाघळांत या विषाणूचा माग लागल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केले. तो माग वाघळांच्या शरीरातला होता, माणसाच्या नव्हे. तरीही तो सावधगिरीची सूचना देणारा होता.

मग ही वाघळे हुसकून लावावीत, झाडेच तोडून टाकावीत, असे कोणाच्याही मनात येईल. २०२० साली करोनाच्या भयाने कित्येक ठिकाणी तशा मागण्या झाल्याही. पण अभ्यास निराळेच सांगतो. ऑस्ट्रेलियात वटवाघळांपासून घोड्यांना आणि घोड्यांपासून माणसांना होणाऱ्या हेंड्रा नावाच्या रोगाची पंचवीस वर्षांची नोंद तपासून २०२२ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. अरण्ये तुटली, फुलोरा आटला आणि भुकेली वाघळे गोठ्यांच्या आश्रयाला आली, तेव्हा रोग पसरला. ज्या हिवाळ्यात राने बहरली, तेव्हा तो थांबला. अर्थात वाघूळ आपल्या रानात पोटभर असले तर माणूसही सुरक्षित असतो. उपाशी, भयभीत आणि विस्थापित वाघूळच अधिक धोक्याचे.

म्हणून सोबत राहावयाचे, परंतु अंतर राखून. हे अंतर राखण्याचे नियम मुळीच कठीण नाहीत. पक्ष्याने किंवा वाघळाने उष्टावलेले, झाडाखाली पडलेले फळ खाऊ नये. इतर फळे धुऊन घ्यावीत. ताडामाडावर किंवा शिंदीवर लावलेल्या मडक्याचे तोंड झाकावे, आणि उघड्या मडक्यातला कच्चा रस पिऊ नये. बांगलादेशात निपाह पसरण्याचा एक मार्ग हाच होता. घरात पाकोळी शिरली तर झाडू घेऊन तिच्यामागे धावण्याचे कारण नाही. प्रथम छताचा पंखा बंद करावा, कारण तिचा जीव बहुधा त्यातच जातो. मग दिवे मालवून खिडक्या-दारे उघडी टाकावीत. थोड्याच वेळात ती आपली वाट शोधते. जमिनीवर पडलेले वाघूळ उघड्या हाताने कधीही उचलू नये. भेदरलेला प्राणी चावतो. तो चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लागलीच डॉक्टरांकडे जावे. माळ्यावरची लेंडी झाडण्यापूर्वी ती पाण्याने भिजवावी आणि नाकातोंडावर फडके बांधावे.

कौलांतील पाकोळ्या नकोशा असतील तर त्या मारू नयेत. पिल्ले उडू लागेपर्यंत धीर धरावा, आणि एके संध्याकाळी सर्वजणी बाहेर पडल्यावर फटी बुजवाव्यात. पडवीतील वटवाघळांसाठी रात्री एखादा दिवा लावला तरी पुष्कळदा ती दुसरा आडोसा पाहतात. बागेत बारीक नायलॉनची जाळी पसरण्यापेक्षा घडांना आणि फळांना पिशव्या बांधाव्यात. जाळीत अडकलेले वाघूळ हाल होऊन मरते, आणि त्याला सोडविणाऱ्याचा हातही धोक्यात येतो.

कायद्यानेही आता दृष्टी बदलली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात फळे खाणारी वाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत घातली होती. अर्थात ती मारण्यास मज्जाव नव्हता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. हा बदल एप्रिल २०२३ पासून अमलात आला. त्याची आवश्यकता होती, कारण मोठ्या वटवाघळाच्या मादीला वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते. उंदरांचा नाश केला तर ते महिन्या-दोन महिन्यांत भरून येतात. वटवाघळांचा एक वड उद्ध्वस्त झाला तर तो भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात. काही जाती तर फारच मोजक्या जागी आढळतात. बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीनजीकच्या बारापेडे गुहांतील एक वाघूळ १९१३ साली शास्त्राला ज्ञात झाले, आणि पुढे कित्येक दशके जगात त्याचा दुसरा ठिकाणा माहीत नव्हता. तामिळनाडूच्या डोंगरात १९४८ साली सापडलेले एक फळवाघूळ तर चोवीस वर्षे सामान्य जातीचे म्हणून संग्रहात पडून होते. १९७२ साली त्याचे वेगळेपण ओळखले गेले आणि त्याला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचे नाव देण्यात आले.

कायद्याच्या आधीपासून काही गावांनी हा शेजार मनापासून स्वीकारला आहे. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातील सरसई गावाने वटवाघळांना शुभ मानून त्यांची झाडे राखली आहेत. तामिळनाडूत वाघळांच्या झाडाजवळ दिवाळीतही फटाके न उडविणारी गावे आहेत. त्या गावांतल्या मुलांनाही फटाक्यांची हौस असणारच. पण झाडावरच्या पाहुण्यांसाठी ती आवरावी, हे त्यांना घरातच शिकविले जाते.

मे २०२० मध्ये गोरखपूर जिल्ह्यात शेकडो वटवाघळे एकाएकी झाडांखाली मरून पडली. ते रोगाच्या भयाचे दिवस होते, आणि लोकांच्या मनात पहिली शंका रोगाचीच आली. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत तपासणी झाली, तेव्हा कारण निघाले उष्णतेचे. त्या दिवसांतल्या कडक उन्हाने त्यांचा बळी घेतला होता. ज्यांच्यापासून माणूस भीत होता, ती त्याच्याच गावात पाण्यावाचून आणि सावलीवाचून मेली होती. उन्हाळा दरवर्षी येतो आणि अलीकडे अधिक कडक येतो. गावचा जुना वड राखणे, त्याच्या आसपास पाण्याची सोय असू देणे आणि उन्हाने खाली पडलेल्या जिवाला हात न लावता वनखात्यास कळविणे, एवढे तरी प्रत्येक गावाला करता येण्याजोगे आहे. जो वड वाघळांसाठी राखला जाईल, त्याच्या सावलीला दुपारी गावची माणसेही बसतील.