आभाळाखालचे चित्र आणि त्याचे मोल

(जलरंगातील निसर्गचित्र स्पर्धा व चित्रविक्री यांच्या पूर्वसंध्येस स्पर्धक, शिक्षक आणि ग्रामस्थ यांच्यासमोर झालेले भाषण)



उद्या सकाळी हातात फळी, पाठीवर पिशवी आणि खांद्याला पाण्याची बाटली अशी काही अनोळखी माणसे गावात येतील. कोणी देवळाच्या तळीच्या पायरीवर बसेल, कोणी खाजनाच्या बांधावर, तर कोणी एखाद्या जुन्या कौलारू घरासमोरच्या फणसाखाली. तीन तास ती माणसे एकाच जागेकडे पाहत राहतील. दुपारी त्यांची चित्रे शाळेच्या सभागृहात मांडली जातील, परीक्षक ती पाहतील आणि संध्याकाळी ती विक्रीस ठेवली जातील. या खटाटोपातून गावाला काय मिळावयाचे आणि चित्रकाराला काय मिळावयाचे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचा विचार करणे हाच या भाषणाचा हेतू होय.

जलरंगाची शिस्त

शाळेत पहिली रंगपेटी हाती येते ती जलरंगांची. त्यामुळे हे मुलांचे माध्यम, असा एक समज आपल्याकडे रूढ झाला आहे. वस्तुतः इतके कठोर माध्यम क्वचितच असेल. तैलरंगात चुकलेला भाग खरवडून किंवा झाकून पुन्हा रंगविता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. तेथे पांढरा रंग पेटीत नसतो, तो कागदात असतो. चर्चची चुन्याची भिंत, दीपमाळेच्या कडेवरचे ऊन, मांडवीच्या पाण्यावरची चमक, हे सारे कागद कोरा सोडूनच दाखवावे लागते. ती जागा एकदा रंगाने भरली की पहिल्यासारखी परत मिळत नाही. म्हणून काय रंगवावयाचे याच्या आधी काय सोडावयाचे, याचा निर्णय करावा लागतो. हा निर्णय घेण्याची सवय लागणे, हेच जलरंगाचे मोठे शिक्षण होय.

या माध्यमाची ताकद पाहावयाची असेल तर फार दूर जाण्याचे कारण नाही. गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. पुष्कळ प्रेक्षक ते राजा रविवर्मा यांचे तैलचित्र समजतात. प्रत्यक्षात ते हळदणकरांचे आहे आणि जलरंगातील आहे. गोव्यातील सांत इस्तेव येथे जन्मलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकले, पुण्यात राहिले आणि त्यांनीही आपल्या कितीतरी कृतींसाठी जलरंगच निवडला.

घराबाहेर पडून, समोरचा देखावा पाहत चित्र करण्याची परंपराही मराठी मुलखात चांगली रुजलेली आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाचा परिसर रंगवीत राहिले. इंदूरला द. दा. देवळालीकर यांच्या कलाशाळेत जी मुले शिकली, त्यांना गावाबाहेर जाऊन निसर्गचित्रे करण्याची गोडी लागली. त्यांपैकी नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) यांना बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक १९४१ मध्ये मिळाले, आणि पुढे १९५० पासून त्यांनी बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकलेचे अध्यापन केले. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली रवी परांजपे (१९३५–२०२२) यांच्यासारखा चित्रकार घडला. गोव्यात १९७२ मध्ये कला महाविद्यालय सुरू झाले, आणि मडगावचे लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ या काळात त्याचे प्राचार्य होते. उद्या येणारा स्पर्धक नवखा असला, तरी तो या परंपरेच्या वाटेवरच पाऊल टाकीत आहे.

स्पर्धेचा दिवस

जागेवर केलेल्या चित्राचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे सूर्य. आकाशात सूर्याचे स्थान दर तासाला सुमारे पंधरा अंशांनी सरकते. तीन तासांत ते पंचेचाळीस अंशांनी बदलते. सकाळी नऊ वाजता अंगणात लांबवर पसरलेली सावली बाराच्या सुमारास भिंतीच्या पायथ्याशी गोळा होते. नवशिक्या स्पर्धक त्या सावलीच्या मागे धावतो; मग चित्रात एका घराला नऊ वाजलेले असतात आणि दुसऱ्याला अकरा. जाणता चित्रकार पहिल्या दहा मिनिटांतच पेन्सिलीने सावल्यांची सीमा आखून टाकतो आणि नंतर ऊन कोठेही गेले तरी आखणी बदलत नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी हवा. गोव्यासारख्या दमट किनाऱ्यावर रंगाचा थर सावकाश वाळतो. तो पुरता वाळण्यापूर्वी दुसरा थर दिला तर दोन्ही मिसळून गढूळ होतात. उलट इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या उन्हाळ्यात आकाशाचा थर कागदाच्या खालच्या काठापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वर सुकून रेघ उमटते. म्हणून कोरड्या हवेत कागद आधी ओला करून घ्यावा, रंग भरपूर आणि एकदाच कालवावा. दमट हवेत मात्र हात आवरून थांबण्याची तयारी ठेवावी. कागद सुमारे तीनशे ग्रॅम वजनाचा असल्यास पाण्याने फारसा फुगत नाही; पातळ कागद असेल तर तो चारही बाजूंनी फळीला चिकटपट्टीने घट्ट बसवावा. फळी सावलीत राहील अशी बैठक निवडावी. पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडले की डोळे दिपतात, आणि बाहेर उजळ वाटलेले रंग सभागृहात नेल्यावर भलतेच काळवंडलेले दिसतात.

जागा शोधण्यात सकाळ घालवू नये. आदल्या संध्याकाळी गावात एक फेरी मारून दोन जागा हेरून ठेवाव्या. पुठ्ठ्याला पोस्टकार्डाएवढे चौकोनी भोक पाडून त्यातून पाहिले की देखाव्याचा कोणता तुकडा घ्यावा हे चटकन कळते. सगळे गाव एका कागदावर मावत नाही. खाजनातील एक मानस, त्याची लाकडी दारे आणि त्यातून वाहणारे भरतीचे पाणी, एवढ्यावरही उत्तम चित्र होते.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. सकाळी आयोजक प्रत्येक कागदावर शिक्का मारून देतात, तो याच जागी, याच वेळेत चित्र व्हावे म्हणून. अलीकडे खिशातील मोबाइलवर जागेचे छायाचित्र घ्यावयाचे आणि खोलीत पंख्याखाली बसून ते उतरवावयाचे, असा प्रकार दिसू लागला आहे. छायाचित्रावरून चित्र करणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु आभाळाखाली बसण्याच्या स्पर्धेत ती फसवणूक ठरते. तीन तास उन्हाची तिरीप सोसून बसलेल्या शेजाऱ्याची ती फसवणूक होय, आणि ‘हे चित्र येथे बसून केले’ या विश्वासाने पैसे मोजणाऱ्या ग्राहकाचीही.

शिक्षकांनीही संयम पाळावा. विद्यार्थ्याच्या कागदावर आपला ब्रश फिरवून चित्र ‘सुधारण्याचा’ मोह अनेकांना होतो. त्यामुळे कदाचित पारितोषिक मिळत असेल, परंतु मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास जातो, आणि तो गेला की पुन्हा यावयास फार वेळ लागतो.

गावाचा वाटा

स्पर्धक हा पाहुणा असतो. देऊळ, चर्च, खाजगी अंगण येथे बसण्यापूर्वी त्याने अनुमती घ्यावी. रंगाचे पाणी विहिरीत किंवा तळीत ओतू नये, येण्याजाण्याची वाट अडवू नये, उठताना कागदाचे कपटे गोळा करून न्यावे. एवढे केले की गाव त्याला परके मानीत नाही.

ग्रामस्थांनी त्याच्यामागे उभे राहून पाहण्यास काहीच हरकत नाही. समोर उभे राहू नये, इतकेच. ‘आमच्या घराला तीन खिडक्या आहेत, तुम्ही दोनच काढल्या’ असे त्याला सांगण्याची घाई करू नये. त्याने एक खिडकी गाळली असेल तर त्यालाही काही कारण असू शकते. उलट पाण्याचा एक तांब्या आणि बसावयास एक पाट दिला तर त्या चित्रात गावाचाही हात लागतो. रोज ज्या बांधावरून जावयाचे, त्याच बांधाकडे कोणी परका मनुष्य तीन तास टक लावून पाहत आहे, हे पाहिल्यावर तो बांध गावकऱ्यांनाही नव्याने दिसू लागतो. हा लाभ पैशांत मोजता येत नाही, पण तो खरा आहे.

विक्रीचा प्रश्न

आता विक्रीविषयी. पारितोषिके तीन-चारच असतात. उरलेल्या सर्वांच्या श्रमाची दखल घेणारी जागा म्हणजे विक्रीचे टेबल. नेमक्या याच जागी आपल्या समाजाचा हात आखडतो. कापडवाल्याकडे, सुताराकडे कोणी फुकट वस्तू मागत नाही. चित्रकाराला मात्र मोठ्या प्रेमाने सांगण्यात येते, ‘आठवण म्हणून एक द्या की!’ मागणारा अधिकारपदावर असेल तर त्या बिचाऱ्याला नाहीही म्हणता येत नाही.

येथे थोडा हिशेब पाहणे उचित ठरेल. समजा, एका चित्राला कागद, रंग, माउंट आणि प्रवास मिळून सहाशे रुपये खर्च आला. चित्राची किंमत हजार रुपये ठेवली आणि आयोजकांनी शेकडा वीसप्रमाणे दोनशे रुपये कापून घेतले, तर चित्रकाराच्या हाती आठशे येतात. खर्च वजा जाता उरले दोनशे. तीन तासांची बैठक आणि त्यामागची कित्येक वर्षांची मेहनत यांचे ते मोल. त्यातही कोणी घासाघीस करून चित्र सातशेला मागितले, आणि आयोजकांचा शेकडा वीसचा हिस्सा गेला, तर चित्रकाराला पाचशेसाठ मिळतात. म्हणजे चाळीस रुपये पदरचे घालून त्याने चित्र दिले, असे होते. खेड्यातला हुशार मुलगा दोन-तीन वर्षे स्पर्धांना जातो आणि पुढे रंगपेटी माळ्यावर टाकतो. त्याला कलेची आवड उरत नाही असे नव्हे. हा हिशेब त्याला परवडत नाही.

यासाठी तिन्ही पक्षांनी काही पथ्ये पाळावी. चित्रकाराने किंमत आधी ठरवावी आणि ती चित्राचे नाव, माध्यम व आकार यांसह चिठ्ठीवर स्वच्छ लिहावी. संकोचाने फार कमी किंवा अहंकाराने फार जास्त किंमत लावू नये. एकाच आकाराच्या चित्रांच्या किमतीत शक्यतो मोठी तफावत ठेवू नये. आयोजकांनी आपला हिस्सा किती, न विकलेली चित्रे केव्हा परत मिळतील आणि पारितोषिकप्राप्त चित्राची मालकी कोणाची, हे नियमपत्रिकेतच छापावे. विकलेल्या चित्राला लगेच लाल टिकली लावावी, पावती द्यावी आणि चित्रकाराचे पैसे त्याच दिवशी चुकते करावे. ज्यांचे विद्यार्थी स्पर्धेत आहेत त्यांना परीक्षक नेमू नये. आणखी एक सूचना अशी की, भाषणे थोडक्यात उरकावी. पाहुण्यांची भाषणे लांबली की प्रेक्षक घरी जातात आणि विक्रीचे टेबल ओस पडते.

ग्राहकाने चित्र घेतल्यावर त्याची निगाही राखली पाहिजे. जलरंग काचेखाली ठेवावा, आणि काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट असावा. थेट उन्हाच्या समोर चित्र टांगल्यास रंग विटतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगल्यास कागदाला बुरशी धरते. एवढी काळजी घेतली तर आज घेतलेले चित्र नातवंडांपर्यंत टिकते.

एक साधा उपक्रम

समारंभात पाहुण्याला शाल-श्रीफळ देण्याची प्रथा चांगली आहे. पण त्याऐवजी, निदान त्याच्या जोडीला, स्पर्धेतील एखादे चित्र रीतसर पैसे देऊन घेतले आणि ते पाहुण्याला दिले, तर पाहुण्याचा मान राहतो आणि चित्रकाराचाही. कचेरीच्या भिंतीवर जुन्या दिनदर्शिकेऐवजी तालुक्यातील एखाद्या गावाचे चित्र लागले, तर तेथे कामासाठी आलेल्या माणसाची नजर क्षणभर तरी त्यावर विसावेल.

प्रत्येक पंचायतीने आणि शाळेने दर वर्षी एकच चित्र विकत घ्यावे. त्याच्या मागे जागेचे नाव, तारीख आणि चित्रकाराचे नाव लिहावे. दहा वर्षांत दहा चित्रे जमतील. तेवढ्या काळात एखादे कौलारू घर पडलेले असेल, एखाद्या खाजनाचा बांध फुटून तेथे खारे पाणी शिरलेले असेल, एखादी वाट रुंद होऊन तिच्या कडेचे वड गेलेले असतील. छायाचित्रे तर असंख्य निघतात आणि हरवतात. पण कोणीतरी त्या जागेपुढे तीन तास बसला होता, याचा पुरावा त्या कागदात राहील. जी जागा कोणी इतक्या लक्षपूर्वक पाहिली, ती राखावी असे पुढच्यांनाही वाटेल.

उद्याच्या स्पर्धेत पहिला कोण येतो, हे परीक्षक ठरवितील. विक्रीच्या टेबलावरचा निकाल मात्र गावाच्याच हाती आहे. संध्याकाळी तेथे येणाऱ्या प्रत्येकाने एखादे चित्र शांतपणे पाहावे, आवडल्यास चिठ्ठीवरची किंमत मोजून घ्यावे, आणि घेता येत नसेल तर निदान फुकट मागू नये. एवढे झाले तरी रंगपेटी माळ्यावर टाकणाऱ्यांची संख्या पुढल्या वर्षी एकाने का होईना, कमी होईल.