राखेच्या नळाला कुरुंदाचे अस्तर



भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळदा ३० ते ४५ टक्के असते. अनेक औष्णिक वीजकेंद्रांत ही राख पाण्यात कालवून नळांवाटे राखेच्या तलावात सोडतात. तिच्यातील गारगोटीचे बारीक कण पोलादी नळ आतून खरवडतात; वळणावर तर फारच. नळ फुटला की गाळ लगतच्या शेतात पसरतो.

यावर एक उपाय म्हणजे नळाला आतून कुरुंदाचे अस्तर. काठिण्याच्या मोजपट्टीवर गारगोटी ७, तर कुरुंद ९. अस्तर बसविण्याची रीत मोठी कौतुकाची आहे. नळात लोह-ऑक्साइड व अॅल्युमिनियमची भुकटी भरून तो वेगाने फिरवितात आणि मिश्रण पेटवितात. रेल्वेचे रूळ सांधतात तीच ही थर्मिट क्रिया. उष्णता २,००० अंशांपलीकडे जाते; वितळलेले जड लोखंड भिंतीकडे फेकले जाते, हलके अॅल्युमिनियम-ऑक्साइड, म्हणजेच कुरुंद, त्याच्या आत थिजते. निवताना पोलाद अधिक आकसते आणि अस्तराला आवळून धरते.

मात्र कुरुंद ठिसूळ असते. तुंबलेला नळ हातोड्याने ठोकून मोकळा करण्याची जुनी सवय येथे चालत नाही. एका घावाने अस्तर तडकते आणि त्या भेगेतून झीज पुन्हा सुरू होते.