श्रद्धा आणि भरवसा

ज्या गावाचा लौकिक मुख्यतः गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून झाला, त्या कुर्डुवाडीकडून श्रद्धेविषयी काही शिकावे असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ येथून बार्शीपर्यंत गेला, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दुसऱ्या अंगाने तो पंढरपुरासही पोहोचला, आणि तेव्हापासून पुण्याकडून किंवा सोलापुराकडून मोठ्या गाडीने येणारा वारकरी येथे उतरून छोट्या गाडीत बसू लागला. देवाची ओढ आणि वेळापत्रकाची शिस्त ज्या फलाटावर इतकी वर्षे शेजारी नांदली, तेथे माणूस विश्वास कशावर ठेवतो आणि शंका कशाची घेतो, याचा विचार करण्यास पुष्कळ सामग्री आहे.

आषाढीच्या गर्दीतला एखादा वृद्ध वारकरी डोळ्यांपुढे आणा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, खांद्यावर पताका. तिकिटाच्या खिडकीशी मिळालेली मोड तो तळहातावर पसरून दोनदा मोजतो आणि मगच कनवटीला लावतो. पंढरपूरची गाडी कोणत्या फलाटावर लागेल हे एका हमालाने सांगून त्याचे समाधान होत नाही, म्हणून तो आणखी दोघांना विचारतो. विठ्ठल आपला आहे की नाही, हे मात्र तो कोणालाच विचारीत नाही. या वागण्यात काहींना विसंगती दिसेल. मला त्यात मोठा विवेक दिसतो. खिडकीमागचा कारकून चुकू शकतो आणि ती चूक वेळीच उघडकीस आली तर दुरुस्तही होते, म्हणून तेथे रुजुवात करणे हाच शहाणपणा. विठ्ठलाशी त्याचा देवाणघेवाणीचा व्यवहारच नाही. यंदा पाऊस पडला नाही म्हणून पुढल्या साली तो वारी चुकवीत नाही. मुळात काही मागितलेलेच नसल्यामुळे मिळाले किती याचा ताळा पाहण्याचे त्याला कारण उरत नाही.

रेल्वेच्या माणसांत हाच विवेक निराळ्या रूपाने आढळतो. एकेरी मार्गावर जुन्या काळापासून एक पद्धत चालत आली. दोन स्टेशनांतील यंत्रे तारेने जोडलेली असत. पुढच्या स्टेशनाने संमती दिली म्हणजे यंत्रातून एक लोखंडी गोळा निघे, तो वेताच्या कड्याला लावलेल्या चामडी पिशवीत घालून चालकाच्या हाती देत, आणि एक गोळा बाहेर असेतो त्या टप्प्यासाठी दुसरा गोळा कोणत्याही टोकाला निघू शकत नसे. स्टेशन मास्तर सज्जन आहेत, त्यांचा आपला जुना घरोबा आहे, एवढ्या आधारावर कोणीही चालक गाडी पुढे काढीत नसे. आणि चालकाने गोळा मागितला म्हणून मास्तरांना आपला अवमान झाला असेही वाटत नसे. खंडेनवमीला हातोड्यास हळदकुंकू वाहणारा कामगार दसरा उलटताच त्याच हातोड्याने चाक ठोकून त्याचा नाद कान देऊन ऐकतो. पूजा केली म्हणून चाकास तडा गेला नसेल, असे तो गृहीत धरीत नाही. आणि तडा तपासावा लागतो म्हणून पूजाही सोडीत नाही.

मग माणूस संशयी का होतो? बहुधा पोळल्यामुळे. 1875 साली पुणे व अहमदनगर भागातील कुणब्यांनी सावकारांच्या दप्तरांतील कर्जखते हिसकावून जाळली, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा मोडलेला भरवसा होता. ज्या कागदातील एक अक्षरही वाचता येत नाही, त्याच्या तळाशी नांगराची निशाणी करून देणाऱ्या माणसाने सावकाराच्या शब्दावर आपली जमीन सोपविली होती. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, तो आरंभी ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सोलापूरही होते. खत अधिकाऱ्यापुढे व्हावे, फेडीची पावती मिळावी, हिशेब मागताच दाखविला जावा, असे त्याने ठरविले. सावकारावर विश्वास ठेवा, असा उपदेश त्या कायद्याने केला नाही. विश्वास ठेवण्याजोगी स्थिती निर्माण करण्याचा प्रयत्न केला, आणि व्यवहारातील भरवशाचा खरा पाया तोच होय.

श्रद्धेचा उगम असा खतपत्रात नसतो. जात्यावरच्या ओवीतून, वडिलांच्या पहाटेच्या अभंगातून, दिंडीत अनोळखी माणसाने पुढे केलेल्या भाकरीतून ती अंगी मुरते. ती युक्तिवादाने सहसा येत नाही, म्हणून युक्तिवादाने सहसा जातही नाही. मात्र देवाच्या दारी उभ्या असलेल्या माणसांचे वर्तन पाहून ती फार दुखावते. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. विठ्ठलावर त्यांचा अविश्वास असता तर त्यांनी त्या दारासाठी प्राण पणाला लावले नसते. पुढे 1973 साली पंढरपूर मंदिरे अधिनियमाने बडवे व उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द केले. तो वाद चालत चालत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी 2014 मध्ये तेथेही अधिनियम कायम राहिला. इतकी वर्षे हक्कांची आणि उत्पन्नाची चिकित्सा न्यायासनापुढे होत होती, आणि त्याच काळात वारीची वाट एका वर्षीही ओस पडली नाही. व्यवस्थेची झाडती घेतल्याने देव उणा होत नाही, याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

अनर्थ होतो तो श्रद्धा आणि व्यवहारातील भरवसा या दोहोंची अदलाबदल झाली म्हणजे. देवाला हिशेबास बांधून घेणारा मनुष्य नवस फळला नाही की देवासच टाकतो. याहून भयंकर प्रकार म्हणजे, जी निःशंक शरणागती देवालाच शोभते ती मनुष्य एखाद्या बुवाला, पुढाऱ्याला किंवा दामदुपटीचे आमिष दाखविणाऱ्या पेढीला अर्पण करतो. अंगात आले म्हणून सांगणाऱ्याच्या हाती तापाने फणफणलेले मूल देणारी आई दुष्ट नसते. तिच्या भक्तीचा कोणी तरी गैरवापर करीत असतो. या गैरवापराविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी झाला. प्रश्न विचारणाऱ्याकडून एवढे मोल ज्या समाजाने घेतले, त्याने प्रश्न विचारण्याचा अधिकार तरी जिवापाड जपला पाहिजे.

म्हणून, श्रोतेहो, माझे मागणे एवढेच आहे. ज्याने पावती मागितली त्यास आपण नास्तिक म्हणू नये, आणि ज्याने हात जोडले त्यास अडाणी म्हणू नये. परंतु जो मनुष्य देवाचे नाव पुढे करून हिशेब दाखविण्याचे टाळील, त्याला, तो कितीही थोर म्हणविला जात असो, चारचौघांत उभे करून हिशेब विचारण्यास कचरू नये. कारण तेथे गप्प राहिल्याने आपला पैसा तर बुडतोच, शिवाय भाविकाच्या निर्मळ श्रद्धेलाही बट्टा लागतो.