चुलीतले लाकूड जाते कुठे?



मी सातवी शिकलेली. शास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही, पण हा काटा पाहा.

शीतपेयाच्या या लिटरच्या प्लास्टिक बाटलीत चार लिंबांचा रस आहे. कागदाच्या पुडीत चमचाभर खाण्याचा सोडा. झाकणासकट सगळे तोलले. आता पुडी आत टाकून झाकण घट्ट लावते. केवढे फसफसले! तरी काटा जागचा हलला नाही. झाकण उघडताच फुस्स झाले आणि दोनएक ग्रॅम घटले. वायू बाहेर गेला. नाहीसे काहीच झाले नाही. फ्रान्सच्या लव्हाझिएने १७८९ साली आपल्या ग्रंथात हेच मांडले. (घरी करताना काचेची बाटली घेऊ नका, सोडाही वाढवू नका.)

आता चूल पाहा. पाच किलो लाकूड जळते, उरते मूठभर राख. बाकीचे हवेशी मिळून वायू आणि धूर होते. भिंतीवरची काजळी दिसते, छातीतली दिसत नाही. माझ्या सासूबाई जन्मभर चुलीपुढे बसल्या. पुढे रात्र रात्र खोकत. वयाचा खोकला, असे मीही म्हटले. ते आज सलते.

गॅस संपला तर चूल अंगणात मांडा, घरात नको. एवढेच माझे सांगणे.