टोपीवाले टॉम वियर



आजचा विषय ऐकून एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "व्याख्यानाला दूरचित्रवाणीवरचा माणूस कशाला?" शंका रास्त आहे. पण हे गृहस्थ पडद्यावर ठळकपणे आले तेव्हा साठी उलटून गेली होती. त्यापूर्वीचे आयुष्य त्यांनी पायी काढले होते.

टॉम वियर ह्यांचा जन्म १९१४ साली ग्लासगोच्या स्प्रिंगबर्न भागात झाला. ही आगगाडीच्या इंजिनांच्या कारखान्यांची वस्ती. ग्लासगोची इंजिने आपल्या देशातही धावली. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. मुलगा वाणसामानाच्या दुकानात कामाला लागला. शहराच्या उत्तरेला कॅम्प्सीचे डोंगर दिसत. सुट्टी मिळाली की पोरगा तिकडे चालू लागे. निसर्गप्रेम हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा शौक, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे हा पोरगा हिमालयापर्यंत आला. १९५० साली स्कॉटलंडच्या चौघा गिर्यारोहकांची एक तुकडी गढवाल-कुमाऊँत उतरली, त्यांत वियर होते. भलीमोठी फौज न घेता, मोजक्या सामानानिशी डोंगर चढता येतो, हे ह्या चौघांनी दाखवले. १९५६ पासून ते 'स्कॉट्स मॅगेझिन'मध्ये दरमहा लिहू लागले, आणि ते सदर जवळजवळ अर्धशतक चालले.

मग १९७६ साली स्कॉटिश टेलिव्हिजनवर 'वियर्स वे' सुरू झाले. ठेंगणी मूर्ती, डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी, अंगात जाडाभरडा स्वेटर. अभिनय नाही, शब्दांचे अवडंबर नाही. हे गृहस्थ चालत कुठल्याशा खेड्यात जायचे, कुणाला तरी गाठायचे, त्याच्या कामाविषयी विचारायचे आणि ऐकत राहायचे! ऐकणे ही कला आहे. आम्हां व्याख्यात्यांना ती क्वचितच साधते, हे कबूल करतो.

ह्या ऐकण्याचे मोल कळायला स्कॉटलंडचा इतिहास थोडा ठाऊक हवा. तिथल्या डोंगरदऱ्यांतली जी निर्जन शांतता पाहून प्रवासी हरखतात, ती सगळीच निसर्गाने दिलेली नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी हजारो कुळांना हुसकावून लावले. कित्येकांना समुद्र ओलांडून कॅनडाला जावे लागले. पडक्या घरांच्या भिंती अजून गवतात दिसतात. माणसे वगळून तिथला देखावा दाखवणे म्हणजे त्या कुळांना पुन्हा एकदा घालवून देणे होय, असे आम्हांला वाटते. वियर ह्यांच्या पडद्यावर डोंगराइतकीच डोंगरातली माणसे होती.

आता पडद्यापुढे बसून कुणी डोंगर चढतो काय? हा आक्षेप आम्हीही घेत आलो आहोत. पण वियर ह्यांची राहणी पाहावी. ते लोमंड सरोवराजवळच्या गार्टोकार्न गावी राहत. गावामागे डंक्राइन नावाची टेकडी आहे, उंची अवघी १४२ मीटर. हिमालय पाहिलेला हा मनुष्य त्या टेकडीवर पुनःपुन्हा जाई. कारण माथ्यावरून सरोवर आणि त्यातली बेटे दिसतात. अशी टेकडी कुणालाही चढता येते.

२००६ साली, एक्क्याण्णवाव्या वर्षी ते वारले. २०१४ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, सरोवराकाठी बाल्माहा येथे त्यांचा पुतळा उभारला. टोपी अर्थातच डोक्यावर आहे. 'वेस्ट हायलंड वे' ही १५४ किलोमीटरची पायवाट त्याच गावातून जाते.