तेहतीस किलो गेले कुठे?



निमंत्रण द्यायला आलेल्या तुमच्या कॉलेजच्या विद्यार्थी प्रतिनिधीने मला विचारलं होतं, "सर, बी.ए. झाल्यावर पत्रकारितेत एम.ए. करू का?" मी म्हटलं, संमेलनात सांगतो. सुटका झाली असं तेव्हा वाटलं होतं. तो आज पहिल्या रांगेत बसलाय, म्हणजे झाली नाही.

तर कर. पण आधी माझी फजिती ऐक.

नागपुरात पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेऊन मी इकडे गोंदियाला परत आलो, एका दैनिकाचा वार्ताहर झालो. खिशात नवं ओळखपत्र आणि डोळ्यांना जिकडेतिकडे घोटाळाच दिसायचा. आधारभूत केंद्रांवर खरेदी केलेलं सरकारी धान भरडाईला राइस मिलमध्ये जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी कागद पाहिले. 100 किलो धान दिलं की मिलवाला 67 किलो तांदूळ जमा करतो. मी रात्रभर जागून बातमी लिहिली. क्विंटलमागे तेहतीस किलो गेले कुठे? हजारो क्विंटलचा हिशेब मांडला. बातमी चौकटीत छापून आली.

सकाळी आईने ती माझ्याकडून वाचून घेतली. तिचं सगळं आयुष्य बांधीत रोवणी करण्यात गेलेलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "काहून रे बाबू, तुसासकट भात खातेस का तू?"

तूस, कोंडा, कनकी. धानातून हे सगळं निघाल्यावर तांदूळ उरतो, आणि कच्च्या तांदळासाठी सरकारनेच 67 टक्के उतारा ठरवून दिलेला आहे. ज्या घरात धानाच्या राशीवर खेळलो, तिथे मला हे कळलं नाही. दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला, आतल्या पानावर, बारीक अक्षरात. पुढे कितीतरी महिने बाजारात मला लोक 'तेहतीस किलो' म्हणूनच ओळखायचे.

बरं, भरडाईत गैरप्रकार होत नाहीत असं माझं म्हणणं नाही. पण गेलेलं धान आणि आलेला तांदूळ एकाच पिकाचा आहे का, तांदळाचा ट्रक खरोखर कागदावरच्या रस्त्याने आला का, हे शोधायला आधी 67 चा आकडा कळावा लागतो. तो मला एम.ए.त कुणी शिकवला नाही. शिकवणार तरी का? तो आईकडे होता.

म्हणून माझं मत असं आहे की पत्रकारिता ही दुसरी विद्या आहे. पहिली एखादी लागते. या अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, तो याच कारणाने. बी.एस्सी., बी.कॉम.च्या मुलांनी हे विशेष ऐकावं, कारण हा फक्त भाषावाल्यांचा प्रांत आहे अशी त्यांची समजूत असते. 6 जानेवारी 1832 ला 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवू लागले. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' सुरू करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आले होते.

मग एम.ए. कशाला, असं तुम्ही विचाराल. माझी ती बातमी आठवा. मिलवाल्याला एक फोन करून "हे तेहतीस किलो काय आहेत हो?" असं विचारलं असतं, तर ती छापलीच गेली नसती. छापण्याआधी दुसऱ्या बाजूला विचारायचं, ही सवय वर्गात लागते. म्हणजे लागायला हवी. मी तो तास बहुधा कँटीनमध्ये घालवला असावा. बदनामीचा कायदा, न्यायालयाचा अवमान, मथळा, संपादन, कॅमेरा हे चुकत-माकत नोकरीवरही शिकता येतं. फक्त तिथल्या चुकीची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो. वर्गात चुकलात तर फार तर गुण जातात.

शिकायला फार लांब जायची गरज नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात 1952 च्या सुमारास पत्रकारितेचा विभाग उभा राहिला, तेव्हा अमेरिकेच्या सिराक्यूज विद्यापीठातले रोलंड वूल्सली तिथे शिकवायला आले होते. देशात हा विषय शिकवणारी ठिकाणं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. आज नागपूर विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आहे. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका मिळते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला जायचं असेल तर महाराष्ट्र एक्स्प्रेस आपल्या गोंदियातूनच सुटते. गाडी बदलायचीही कटकट नाही.

जाताना इथलं सोबत न्या. घरात पोवारी बोलता, गोंडी बोलता, बाजारात हिंदी, वर्गात मराठी. पुण्यात कुणी तुमच्या मराठीला हसेल. हसू द्या. चार भाषांत प्रश्न विचारता येणारा वार्ताहर त्यांच्याकडे सहज मिळत नाही. लघुप्रबंधाचा विषय निवडताना मुंबईच्या वाहिन्यांवर सतरावा प्रबंध लिहू नका. आपले मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव घ्या. मालगुजारी गेली, तलाव सरकारच्या ताब्यात आले, मग गाळ काढायचा कुणी आणि पाण्यावर हक्क कुणाचा? त्याची उत्तरं निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांच्या नोंदीत, सातबाऱ्यात आणि पाळीवर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे आहेत.

आणि इथल्या बातमीला किंमत नाही असं समजू नका. आपल्या धानबांध्यांतल्या सारसांची संख्या घटत असल्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. मग जिल्हा प्रशासनाला आणि वनखात्याला न्यायालयात उत्तरं द्यावी लागली. बातमी होती एका पक्ष्याची.

माईकवरचा मुलगा केव्हापासून घड्याळ दाखवतोय, आणि दंडारवाली पोरं तोंडाला रंग लावून ताटकळली आहेत. एकच काम सांगून बसतो. प्रवेश अर्ज भराल तेव्हा भराल. त्याआधी, या उन्हाळ्यात, तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावाचं निस्तार पत्रक मागा. नाही मिळालं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये आहे. आणि ते वाचताना घरातलं एखादं म्हातारं माणूस शेजारी बसवा.